गाठीवरचा आकडा, नळीवरच्या रेघा

यवतमाळ जिल्ह्यात प्रयोगशाळेतल्या बारकोडचा मागोवा घ्यायचा, तर आपल्याला आधी जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात जावे लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘शकुंतला’ रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरकडे कापूस वाहू लागली. पुढे १९२५ च्या कायद्याने दाबलेल्या प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. गाठ दूरच्या गिरणीत उघडली आणि आत ओला किंवा भेसळीचा कापूस निघाला, तर ती कोणत्या प्रेसमधून आली हे त्या आकड्यावरून शोधता येई. माल कितीही हातांतून फिरला तरी त्याचे मूळ हरवू नये, ही गरज रक्ताच्या नमुन्यालाही तितकीच लागू होते.

वैद्यकाला या आकड्याचे मोल त्याही आधी कळले होते. जानेवारी १८९७ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली गेली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. नोंदी पाहिल्या तेव्हा एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिल्याचे आढळले. त्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन. त्या दिवशी उघडलेल्या बाकीच्या बाटल्यांनी कोणालाच अपाय झाला नव्हता. तरीही हाफकिन निलंबित झाले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, म्हणजे जंतुसंसर्ग परळला नव्हे तर गावात झाला असावा, हे मान्य होऊन त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडले. या सगळ्या इतिहासात मला हाच प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. आकड्याने तपास बाटलीपर्यंत नेला, पण ती कोणाच्या हातून, कशी गेली याची नोंद आकड्यात नव्हती. खूण करणे आणि माग ठेवणे ही दोन कामे आहेत, हे तिथे पुरते उघड झाले.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये हिवतापाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे नमुन्याचा आकडा खेडोपाडी पोचला. तापाच्या रुग्णाच्या घरी जाणारा आरोग्यसेवक स्लाइडवर रक्त पसरून ते वाळू देतो, त्या वाळलेल्या रक्तावरच पेन्सिलीने क्रमांक लिहितो आणि तोच क्रमांक फॉर्मवर नावासमोर टाकतो. पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते, पेन्सिल टिकते. क्षयरोगाच्या थुंकीच्या डबीचाही असाच नियम आहे. क्रमांक झाकणावर घालायचा नाही, डबीच्या अंगावर घालायचा, कारण टेबलावर डब्या उघडल्या की झाकणांची अदलाबदल होते. हे नियम ज्यांनी घालून दिले, त्यांना प्रयोगशाळेतली गर्दी चांगली ठाऊक असली पाहिजे.

बारकोडच्या रेघांची गोष्ट मात्र दुकानदारीतली. नॉर्मन वुडलँड यांनी मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटांनी रेघा ओढल्या आणि त्यांना व त्यांचे सहकारी बर्नार्ड सिल्व्हर यांना ७ ऑक्टोबर १९५२ रोजी त्या कल्पनेचे पेटंट मिळाले. पण २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमचे पाकीट स्कॅनरवरून सरकेपर्यंत मधली बावीस वर्षे गेली. रक्तपेढ्यांनी ही खूण लगेच उचलली. सत्तरच्या दशकात कोडाबार आणि १९९४ मध्ये आयएसबीटी १२८ या बारकोड-पद्धती आल्या. चुकीच्या गटाचे रक्त चढणे म्हणजे जिवावरचा प्रसंग, म्हणून तिथे निकड सर्वांत जास्त होती.

यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये आले. मार्च २०२० मध्ये कोरोनाचे पहिले नमुने मात्र नागपूरला पाठवावे लागले. त्याच वर्षी इथेच तपासणी होऊ लागली, तेव्हा प्रत्येक व्हीटीएम नळीमागे (विषाणूचा नमुना वाहून नेणाऱ्या द्रवाच्या नळीमागे) एसआरएफ क्रमांक, म्हणजे नमुन्याच्या अर्जाचा क्रमांक, नाव, वय, मोबाइल अशी नोंदींची मालिका होती. यात बारकोड कुठे चिकटतो आणि कसा चिकटतो, याला फार महत्त्व आहे. स्टिकर नळीच्या लांबीला समांतर लागला पाहिजे. आडवा गुंडाळला तर गोलाईवर रेघा वळतात आणि स्कॅनरला त्या वाचता येत नाहीत. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये साधा डिंक सुटतो, म्हणून वेगळे लेबल लागते किंवा कोड नळीच्या तळाशीच कोरलेला असतो. आणि स्टिकर रुग्णाच्या समोरच लागला पाहिजे. आठ नळ्या भरून झाल्यावर टेबलावर बसून आठ स्टिकर लावले, तर पुढचे यंत्र चुकीच्या नळीचा निकालही तितक्याच अचूकपणे छापते.

संशोधनाच्या प्रयोगशाळेत याच खुणेचे काम बदलले. हिवतापाच्या स्लाइडवरचा आकडा नावाकडे नेण्यासाठी होता, संशोधनाच्या नळीवरचा कोड नाव झाकण्यासाठी असतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी नाव परत जोडता येईल असा कोड आणि नाव कायमचे तोडणारी पद्धत यांत फरक केला आहे. झरी-जामणीच्या एखाद्या कोलाम पोडातून, म्हणजे आदिवासी वस्तीतून, सिकलसेलच्या अभ्यासासाठी रक्त घेतले आणि त्यात काही धोक्याचे आढळले, तर पहिल्या पद्धतीत ती बातमी त्या घरापर्यंत पोचवता येते, दुसऱ्या पद्धतीत कधीच नाही. म्हणून कोड आणि नावे जुळवणारी यादी कोणाकडे राहील आणि ती कोण, केव्हा उघडू शकेल, हे त्या घरातल्या माणसाला त्याला समजेल अशा भाषेत, सुई टोचण्याआधी सांगितले गेले पाहिजे.