मिडलमार्चचा शोध आणि स्टॅमफर्डचा पूल

जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधील नगराचा मूळ नमुना कॉव्हेन्ट्री, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. मात्र १९९४ साली बीबीसीने या कादंबरीवरील मालिका दाखवली, तेव्हा पडद्यावरचे मिडलमार्च होते लिंकनशायरमधील स्टॅमफर्ड. कॉव्हेन्ट्रीत जुने शहर फारसे उरलेच नव्हते. १९४० च्या बॉम्बवर्षावाची हकीगत सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याआधीच, १९३६ मध्ये, रुंद रस्त्यासाठी तेथील बुचर रो ही मध्ययुगीन गल्ली पाडली गेली होती. पुढे १९७४ पर्यंत शहराच्या मध्यभागाभोवती मोटारींचा वर्तुळाकार रस्ताही पुरा झाला. एलियटचे नगर हवे, तर जेथून वाहतूक निघून गेली होती, अशा ठिकाणीच ते शोधावे लागले.

गंमत अशी, की स्टॅमफर्डला वैभव दिले ते वाहतुकीनेच. लंडनहून उत्तरेकडे जाणारा ‘ग्रेट नॉर्थ रोड’ गावातूनच जाई. ‘जॉर्ज’ या जुन्या पांथनिवासाच्या दारापाशी आजही दोन दालने आहेत: एकावर ‘लंडन’, दुसऱ्यावर ‘यॉर्क’. त्या त्या दिशेच्या घोडागाडीची वाट पाहणारे प्रवासी तेथे बसत. मग आगगाडी आली. उत्तरेकडची मुख्य लोहमार्गवाट १८५२ मध्ये पीटरबरो–ग्रँथममार्गे सुरू झाली आणि स्टॅमफर्ड बाजूला पडले. एक्झेटरच्या मार्क्विसने रेल्वे अडवली, अशी आख्यायिका आहे. पण याच उमरावाच्या पाठबळाने १८५६ साली गावाला मुख्य मार्गाशी जोडणारा फाटा सुरू झाला, तेव्हा ती जपूनच सांगावी. शिवाय गावालगतची सामाईक शेते १८७० च्या दशकापर्यंत बंदिस्त झाली नव्हती, त्यामुळे बाहेर पसरायला जागा नव्हती. आज ज्या चुनखडी दगडाच्या घरांचे कौतुक होते, ती या खुंटलेल्या वाढीमुळे टिकली.

विसाव्या शतकात मोटारींनी जुना रस्ता पुन्हा जागा केला. घोड्यांच्या काळातला, १८४९ चा पूल आणि त्यापुढचा सेंट मेरीज हिलचा अरुंद चढ यांवरून मालमोटारी जाऊ लागल्या. १९६० मध्ये महामार्ग गावाबाहेरून वळवला गेला. (अशा रस्त्याला मराठीत ‘बाह्यवळण’ म्हणतात, वळण घ्यायचे ते रस्त्याने, गावाने नव्हे, हे त्या शब्दात नेमके आले आहे.) १९६३ मध्ये कॉलिन ब्युकॅनन यांच्या ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ या अहवालाने याला विचाराची बैठक दिली. एखाद्या रस्त्याने किती वाहने सोसावीत, हे केवळ त्याच्या रुंदीवरून ठरवू नये, तेथे राहणाऱ्या-चालणाऱ्या माणसांच्या सुसह्यतेवरूनही ठरवावे, असा त्याचा रोख होता. १९६७ मध्ये स्टॅमफर्ड हे इंग्लंडमधील पहिले संरक्षित क्षेत्र ठरले.

पण त्याच १९६७ साली जवळच्या पीटरबरोला ‘नवनगर’ म्हणून वाढवण्याचे ठरले. या दोन निर्णयांचा एकत्र विचार क्वचितच होतो. एका निर्णयाने गाव जपले, दुसऱ्याने जपलेल्या गावात राहून बाहेर नोकरीला जाणे सोयीचे केले. बाह्यवळण उपयोगी पडते ते दुरून येऊन दूर जाणाऱ्याला. ज्याचे घरच गावात आहे, त्याच्या मोटारीला कोठून वळवणार? हाय स्ट्रीट पादचाऱ्यांना देता आला. पूल देता येत नाही, कारण गावातल्या गावात नदी ओलांडण्याचा वाहनांचा रस्ता तोच. तो रुंद करायचा, तर दोन्ही टोकांना उभे आहे ते जपलेलेच गाव. ब्युकॅनन यांच्या कसोटीवर या पुलाची सुसह्यता ठरवायची झाली, तर ती कोणाच्या बाजूने: पुलाशेजारी राहणाऱ्याच्या, की रोज सकाळी त्यावरून कामावर जाणाऱ्याच्या? दोघेही त्याच गावाचे.

कादंबरीच्या छप्पन्नाव्या प्रकरणात रेल्वेसाठी जमीन मोजणाऱ्यांवर शेतमजूर गवताचे काटे घेऊन धावून जातात. केलेब गार्थ त्यांना समजावतो, की तुम्हाला आवडो न आवडो, रेल्वे येणारच. त्यावर टिमथी कूपर हा म्हातारा मजूर म्हणतो, की आजवर पुष्कळ बदल पाहिले, कालवेही आले, गरिबाच्या पदरी काही पडले नाही. केलेबपाशी याचे उत्तर नसते. एलियटही त्याला ते पुरवत नाही.