चहात बुडणारे बिस्किट

मोरा हे उरणचे बंदर. उरण पूर्वी पनवेल तालुक्यातच मोडे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच येथे लागते, पण ओहोटीला गाळामुळे ती खोळंबते आणि उतारू चहाकडे वळतात. अशा वेळी टोस्ट चहात बुडवताना तो कोणी भाजला, असे कोणी विचारीत नाही. हा प्रश्न न विचारण्याइतकी मोकळीक आपल्या समाजाला सहज लाभलेली नाही.

बिस्किट या शब्दाचे मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ 'दोनदा भाजलेले' एवढाच. पाव एकदा भाजून त्याच्या चकत्या पुन्हा भट्टीत घातल्या, म्हणजे उरलेसुरले पाणी जाते आणि जिन्नस बुरशी न धरता महिनोन्‌महिने टिकतो. गलबतावरच्या खलाशांना असलाच दगडासारखा पाव शिधा म्हणून मिळे. चैनीचा त्यात लवलेश नव्हता.

इटलीतल्या टस्कनी प्रांतात मात्र या शिध्याचा खाऊ झाला. तेथल्या 'कांतुच्ची'चा उल्लेख फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीच्या १६९१ च्या कोशात आहे. त्यात मैदा, साखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांची नावे आहेत, बदामाचे नाही. बदामी बिस्किटांची कीर्ती झाली ती प्रातो गावच्या आंतोनियो मात्तेईमुळे. त्याने १८५८ साली तेथे दुकान थाटले. ते आजही चालते. लोणी नाही, तेल नाही. मैदा, साखर, अंडी, सालासकट बदाम आणि थोडे चिलगोजे. पिठाचा लांबट रोट भाजायचा, गरम असतानाच तिरप्या चकत्या पाडायच्या; बहुतेक घरी त्या पुन्हा शेकतात. नुसते चावू गेल्यास दाताची परीक्षाच! म्हणून जेवण आटोपल्यावर ते 'विन सांतो' नावाच्या गोड मद्यात बुडवून खातात. त्यासाठी द्राक्षे टांगून किंवा चटयांवर पसरून, आपल्या बेदाण्यांसारखी सुकवतात आणि त्यांचा रस लहान पिंपांत वर्षानुवर्षे मुरू देतात. बिस्किट बुडवावे, पण विरघळू देऊ नये. बदाम कुरकुरीतच राहिला पाहिजे.

मद्याची वाण मोरा-उरणलाही नव्हती. मिठागरांच्या या मुलखात एकोणिसाव्या शतकात पारशी मालकांच्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या. पण त्या दारूत बिस्किट बुडविण्याची बुद्धी कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही, आणि ते बरेच झाले! आपल्याकडे बिस्किटाला जोड मिळाली ती चहाची. अडचण पेयाची नव्हतीच. अडचण भाजणाऱ्या हातांची होती.

पाव पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यातले भटारी, म्हणजे 'पोदेर', ख्रिस्ती. आणि पीठ फुगायला घालीत ताडी. म्हणजे सोवळ्यातल्या माणसाला दोन्हीकडून विटाळ. नेमके हेच हेरून मुंबईतल्या परमहंस सभेने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे ही दीक्षेची अट केली. १८४९ साली निघालेल्या या सभेत दादोबा पांडुरंगांसारखे लोक होते. जातिभेद मोडायचा, पण गुप्तपणे! १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, नावे फुटणार या धास्तीने मंडळी पांगली आणि सभा संपली. एका पावाच्या तुकड्यात एवढी शक्ती होती.

तीस वर्षांनी पुण्यात हाच प्रयोग उघड्यावर झाला, तोही यजमानांच्या ध्यानीमनी नसताना. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानास आलेल्या पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी (आनंदीबाईंचे यजमान ते हेच) हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपुढे गेले, चौकशी बसली. काही मंडळींनी आपण पेला हाती घेऊन तसाच खाली ठेवला, असा खुलासा केला. यात हसू येते खरे, पण ज्याच्या घरी लग्नकार्य अडणार, श्राद्धाला भटजी मिळणार नाही, त्याला तो पेला हलका नव्हता. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली घेतले. तेव्हा सनातन्यांपेक्षा त्यांच्या सुधारक मित्रांनीच त्यांना अधिक बोल लावले.