भंगाराचा बाजार आणि बंदुकीचा पहारा

भंगाराच्या धंद्याला कोणी इतिहास मानीत नाही. पण शहरात खरे राज्य कोणाचे, हे पाहावयाचे असेल तर भंगारबाजारात जावे. कापडावर गिरणीचे नाव असते. मोडक्या लोखंडाला ना नाव, ना गाव. व्यवहार रोखीचा आणि माल कोठून आला हे सिद्ध करणे कठीण. म्हणून प्रामाणिक दुकानदारही पोलिसचौकीची पायरी चढायला कचरतो. त्याचे हे कचरणे हेच गुंडाचे भांडवल होय.

कराचीचे उदाहरण घ्या. 1936 पर्यंत ते शहर आपल्याच मुंबई इलाख्यात होते. तेथे शेरशाह भागात भंगाराचा आणि मोटारींच्या जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. जवळच ल्यारीची जुनी कामकरी वस्ती. खंडणीखोरांच्या अमलात दुकानदाराच्या हाती रकमेचा आकडा घातलेली 'पर्ची' पडे. पैसे दिले तर संरक्षण, न दिले तर गोळी. आणि संरक्षक व मारेकरी बहुधा एकच! त्यातून टोळ्या अनेक. एकीला द्यावे तर दुसरी वैरी. 19 ऑक्टोबर 2010 रोजी बंदूकधाऱ्यांनी या बाजारात गोळ्या झाडल्या आणि डझनभर माणसे मारली. पुढल्याच वर्षी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने कराचीतल्या खंडणीमागे राजकीय पक्षांचे हात असल्याचे नोंदविले. सप्टेंबर 2013 पासून रेंजर्सनी मोहीम चालविली. खून पुष्कळ कमी झाले.

पण हप्ता कोणाच्या खिशातून जातो? दुकानदार तो भावात कापतो; शेवटी भार पडतो तो गोणी वाहणाऱ्यावर आणि पत्रा कापणाऱ्यावर. त्याची नोंद कोठेच नसते.

आपल्याकडे 1969 साली अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून माथाडी कायदा झाला. मुंबईच्या लोखंडबाजारासाठी मंडळ स्थापन झाले. मालकाची नोंद, कामगाराची नोंद, मजुरी मंडळामार्फत. जेथे हिशेब उघडा, तेथे दादाला बसायला जागा कमी. तरीही पुढे 'माथाडी' हेच नाव सांगून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या निघाल्या, हे आम्ही संघटनावाल्यांनी झाकून ठेवू नये. युनियनचा झेंडा आणि दादाची पर्ची यांत फरक एवढाच: वर्गणीची पावती मिळते, हिशेब मागता येतो आणि पुढारी बदलता येतो. ज्या दिवशी हे तिन्ही हक्क जातील, त्या दिवशी झेंड्याची काठी आणि बंदुकीची नळी यांत अंतर उरणार नाही.