घाटावरचे चित्रण, टेबलावरचे संकलन : ध्वनी, प्रकाश आणि फाइलींच्या नेहमीच्या अडचणी

तापीच्या उत्तर तीरावर वसलेल्या बऱ्हाणपूरचा राजघाट चित्रण करणाऱ्याला मोहात पाडतो आणि अडचणीतही टाकतो. वर शाही किल्ल्याची उंच भिंत, समोर पात्रातील दगडी हत्ती, सांजवेळी आरतीच्या दिव्यांची पाण्यात लांबलेली प्रतिबिंबे. आषाढ शुद्ध सप्तमीला येथे तापीचा जन्मोत्सव होतो आणि तो वर्षातून एकदाच होतो. त्या संध्याकाळचा ध्वनी फाटला किंवा कार्डावरील फाइल उघडलीच नाही, तर पुढच्या आषाढाची वाट पाहण्यावाचून उपाय उरत नाही. साखळीजवळ विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेचा नौकोत्सव टिपणाऱ्यांनाही हीच धास्ती असते : नदी, काळोख, दिवे, ढोलताशे, आणि पुन्हा न घडणारा क्षण. म्हणून राजघाटासारखे ठिकाण डोळ्यांसमोर ठेवून चित्रण आणि संकलनातील नित्याच्या तांत्रिक अडचणींचा विचार करणे सोयीचे ठरते.

यांतील सर्वांत फसवी अडचण ओठ आणि आवाज यांचा मेळ तुटण्याची. ती एकाच रोगासारखी दिसते, पण तिची कारणे निदान चार आहेत आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. निदान न करता टाइमलाइनवर आवाज मागेपुढे सरकवत बसणे म्हणजे रात्र वाया घालवणे.

पहिले कारण अंतर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. परवानगी घेऊन किल्ल्याच्या उंचीवर लांब पल्ल्याच्या लेन्ससह एक कॅमेरा ठेवला आणि गायक तेथून ६८ मीटरवर घाटाच्या पायरीवर असला, तर कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत आवाज ०.२ सेकंद उशिरा पोहोचतो. २५ फ्रेमच्या चित्रणात ही तफावत ५ फ्रेमची होते. गायकाजवळच्या माइकवर मुद्रित झालेला स्वच्छ आवाज आणि कॅमेऱ्याचा आवाज यांच्या लहरी जुळवून मेळ साधण्याची सोय आज बहुतेक संकलन-प्रणालींत आहे. पण ती प्रणाली स्वच्छ आवाज त्या उशिरा पोहोचलेल्या आवाजाशी जुळवते. लहरी तंतोतंत जुळलेल्या दिसतात, तरी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. येथे यंत्रावर विश्वास न ठेवता स्वच्छ आवाज ५ फ्रेम अलीकडे घ्यावा. आरंभी टाळी किंवा क्लॅपरची पाटी चित्रात स्पष्ट दिसेल अशी वाजवलेली असेल, तर हा हिशेबही करावा लागत नाही. पाटीचा हा जुना रिवाज केवळ शोभेचा नव्हता.

दुसरे कारण घड्याळांचे. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक या दोन स्वतंत्र यंत्रांतील स्फटिक-घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत. दोहोंत दहा लाखांत २० भागांचाच फरक असला, तरी तासाभरात ०.०७२ सेकंद, म्हणजे जवळजवळ २ फ्रेम इतकी तफावत पडते. सुरुवात जुळते, शेवट सुटतो. मुद्रण थांबवण्यापूर्वी आणखी एक टाळी वाजवून ठेवली असेल, तर दोन टाळ्यांमधील आवाज किंचित ताणून किंवा आकसून मेळ साधता येतो. लांब कीर्तन किंवा नाट्यप्रयोग असेल, तर दर वीस मिनिटांनी ध्वनीचा तुकडा पाडून नव्याने जुळवणे अधिक सोपे.

तिसरे कारण मोबाइल. फोनचा कॅमेरा प्रकाश आणि तापमान पाहून फ्रेमचा वेग सतत बदलत असतो. ३० सांगितलेले असले तरी अंधार पडल्यावर तो कमी होतो. संकलन-प्रणाली मात्र स्थिर वेग गृहीत धरते, आणि आवाज मधेच पुढे, मधेच मागे जातो. अशी फाइल टाइमलाइनवर घेण्याआधीच हँडब्रेकसारख्या मोफत प्रणालीतून स्थिर फ्रेम-वेगात बदलून घ्यावी. संकलन अर्धे झाल्यावर हे सुचले, तर केलेले कष्ट बहुधा पाण्यात जातात.

चौथे कारण चित्रणात नसून संकलकाच्या कानावर असते. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका उशिरा पोहोचू शकतो. बिनचूक जुळलेला ध्वनी संकलक ‘दुरुस्त’ करतो आणि प्रेक्षकांना चुकलेला ऐकू येतो. संकलन करताना तारेचे हेडफोनच वापरावेत.

मेळ साधला, तरी आवाज मुळात शुद्ध हवा. नदीकाठचा वारा माइकच्या पडद्यावर आदळून जो घरघराट करतो, तो नंतर पूर्णपणे काढता येत नाही. माइकवर केसाळ आवरण चढवणे आणि सुमारे ८० हर्ट्झखालचा ध्वनी गाळणे हे दोन उपाय जागेवरच करावेत. बऱ्हाणपूर यंत्रमागांचे गाव आहे. मागांची खडखड सतत आणि एकसुरी असेल, तर गोंगाट कमी करणारी साधने ती बऱ्यापैकी दबवू शकतात. पण ढोलाच्या एका थापेने पातळी शून्य डेसिबलच्या वर जाऊन लहरीचे माथे छाटले गेले, तर हरवलेला भाग कोणतेही साधन प्रामाणिकपणे परत देत नाही, अंदाजाने भरते एवढेच. म्हणून शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. कोणी बोलत नसताना घाटाचा नुसता आवाज मिनिटभर मुद्रित करून ठेवावा. संकलनात दोन वाक्यांमधील खड्डे बुजवायला तोच उपयोगी पडतो.

प्रकाशाची बाजू त्या मानाने सोपी आहे, कारण ती गणिताला बांधलेली आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/६० वर असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये कमीअधिक प्रकाश येतो आणि रोषणाई लुकलुकू लागते. २५ फ्रेम आणि १/५० शटर ही जोडी येथे निर्धोक. ३० फ्रेमवर चित्रण करणे भाग असेल, तरी शटर १/५० किंवा १/१०० च ठेवावे. काही स्वस्त एलईडी माळांचे लुकलुकणे याही नियमात बसत नाही. त्यांची चाचणी आधल्या संध्याकाळी घेण्याला पर्याय नाही.

दिवसा उलटी तक्रार असते. भर उन्हात आयएसओ १००, शटर १/५० आणि छिद्र ४ ठेवायचे, तर प्रकाश ५ पायऱ्यांनी जास्त होतो. त्यासाठी ३२ पट प्रकाश अडवणारी एनडी काच लागते. पुष्कळ हौशी कॅमेरामन काच नाही म्हणून शटर १/१००० वर नेतात, आणि मग वाहते पाणी व चालणारी माणसे तुटक, झटके दिल्यासारखी दिसतात. संकलनात हा दोष धड जात नाही. पाण्यावरची चकाकी कमी करण्यासाठी पोलरायझर वापरावा, पण तो दीड ते दोन पायऱ्यांचा प्रकाश खातो हे हिशेबात धरावे. आरतीच्या वेळी व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवू नये. ज्योत चौकटीत शिरली की यंत्र चित्र निळसर करते, ती बाहेर गेली की पुन्हा पिवळे, आणि एकाच तुकड्यात सरकत गेलेला रंग सुधारणे हे रंगसंस्कार करणाऱ्यासाठी मोठे जिकिरीचे काम होते.

आता टेबलावरच्या अडचणी. ‘मीडिया ऑफलाइन’ असा लाल पडदा दिसला की नवखा संकलक घाबरतो. बहुतेक वेळा फाइल नष्ट झालेली नसते. हार्ड डिस्कचे अक्षर बदललेले असते किंवा कोणी फोल्डरचे नाव बदललेले असते. नवा मार्ग दाखवून दिला की काम पूर्ववत होते. कार्डावरील चित्रणाबाबत मात्र निष्काळजीपणाला क्षमा नाही. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने चित्रण केल्यास तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. ती वाचवण्यासाठी केवळ व्हिडिओ फाइली उचलून बाकीचे फोल्डर टाकून देणे घातक ठरते, कारण काही कॅमेरे ४ गिगाबाइटला फाइल तोडतात आणि तुकड्यांची साखळी त्या ‘निरुपयोगी’ वाटणाऱ्या फोल्डरांतील माहितीवर जुळते. कार्ड जसेच्या तसे दोन निरनिराळ्या डिस्कवर उतरवावे, दोन्ही प्रती उघडून पाहाव्यात, मगच ते पुसावे. चुकून पुसले गेलेच, तर त्या कार्डावर एकही नवे दृश्य घेऊ नये. त्यावर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तरच जुनी माहिती परत मिळण्याची आशा असते.

टाइमलाइन अडखळत चालते, याचा दोष नेहमीच जुन्या संगणकाचा नसतो. एच.२६५ सारख्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, मागच्या-पुढच्या फ्रेमपासूनचा फरक तेवढा साठवतात. मधलीच एक फ्रेम दाखवायची, तर संगणकाला शेजारच्या कित्येक उलगडाव्या लागतात. कमी आकाराच्या प्रॉक्सी प्रती करून त्यांवर संकलन करावे आणि अंतिम फाइल काढताना मूळ चित्रणाकडे परतावे. लग्नकार्याच्या जुन्या डीव्ही कॅसेटी उतरवल्यावर हलत्या आकृतींच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्याचे कारण वेगळे. त्या चित्रात प्रत्येक फ्रेम सम-विषम ओळींच्या दोन भागांत विभागलेली असते, आणि भारतात प्रचलित पाल पद्धतीच्या डीव्हीत खालचा भाग आधी येतो. हा क्रम योग्य सांगून मग डी-इंटरलेस केले की रेषा जातात. क्रम चुकवला तर हालचाल पुढे-मागे थरथरते.

मराठी-कोकणी संकलकांची खास डोकेदुखी म्हणजे देवनागरी शीर्षके. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरे पाय मोडून पडतात, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या प्राधान्यक्रमांत जाऊन मजकुरासाठी दक्षिण आशियाई लिप्यांचे इंजिन निवडले की यांतील बहुतेक दोष जातात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा वाचून घ्यावा, कारण रूपांतरणात नेमका तो अर्धा र हरवतो. ज्या प्रणालीत काहीच जमत नाही, तेथे इंकस्केपसारख्या साधनात शीर्षक तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी प्रतिमा म्हणून घ्यावे. गावाचे किंवा कलावंताचे नाव पडद्यावर मोडके दिसले, तर प्रेक्षक उत्तम चित्रणही विसरतात.

निवेदन स्टुडिओत मुद्रित करताना खोली घुमत असेल, तर महागड्या फोमआधी जाड गोधड्या आजमावाव्यात. निवेदकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना टांगल्या की पुष्कळ फरक पडतो. आवाजाखाली ‘हूं’ असा बारीक सूर ऐकू आला, तर तो बहुधा विजेचाच ५० हर्ट्झचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा, सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत आणि माइकला एक्सएलआर तार वापरावी. प्लगची अर्थिंगची पिन मोडून हा आवाज घालवण्याचा जो उपाय काही ठिकाणी सर्रास केला जातो, तो जिवावर बेतणारा आहे आणि कोणत्याही मुद्रणासाठी तो करू नये.

अंतिम फाइलच्या ध्वनिपातळीचा प्रश्न थोडक्यात सुटतो. युरोपीय प्रसारण मानकात सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस असते. यूट्यूब सुमारे उणे १४ च्या वरचा आवाज स्वतःच खाली आणते, त्यामुळे त्याहून मोठा करण्यात लाभ नाही. फाइल तयार झाल्यावर ती फोनवर, दूरचित्रवाणी संचावर आणि साध्या स्पीकरवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पाहावी. मेळ सुटलेला असेल, तर तो शेवटच्या पाच मिनिटांतच सापडतो.