एक किक, तिघांची

अमेरिकन फुटबॉलमध्ये जमिनीवर टेकवलेला चेंडू दोन खांबांच्या मधून आणि दहा फुटांवरच्या आडव्या दांडीच्या वरून मारला, की फील्ड गोलचे तीन गुण मिळतात. गुण लागतात ते किकरच्या नावावर. पण त्याच्या पायाआधी त्या चेंडूला दोघांचे हात लागलेले असतात. ओणवा होऊन दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा तो स्नॅपर. तो झेलून जमिनीवर उभा करणारा तो होल्डर. स्नॅपरच्या हातून चेंडू सुटल्यापासून किक बसेपर्यंत सुमारे १.३ सेकंद जातात. या तिघांचे कूळ शोधत मागे गेले, की सुरुवातीला एकटा माणूस उभा दिसतो.

१८७४ साली कॅनडातले मॅकगिल विद्यापीठ हार्वर्डशी खेळायला आले आणि अमेरिकेतल्या कॉलेजांत रग्बीचे नियम रुजू लागले. किकचे दोन प्रकार रग्बीतूनच आले: चेंडू हातातून सोडून, तो जमिनीवरून उसळताक्षणी मारायची ड्रॉप किक आणि टेकवलेल्या चेंडूची प्लेस किक. येलच्या वॉल्टर कॅम्पने १८८० मध्ये रग्बीतल्या घोळक्याऐवजी समोरासमोरच्या दोन रांगा आणल्या आणि चेंडू ठरलेल्या क्षणी मागे देण्याची पद्धत घातली. आजच्या स्नॅपचे मूळ तिथे आहे. खेळात तेव्हा पायालाच मान होता. १८८३ च्या गुणपद्धतीत मैदानातून मारलेल्या गोलला पाच गुण होते, चेंडू गोलरेषेपार नेण्याला, म्हणजे टचडाउनला, अवघे दोन. फील्ड गोलची किंमत पुढे घटत १९०९ मध्ये तीनवर आली, तर टचडाउन चढत १९१२ मध्ये सहावर गेला.

सुरुवातीच्या दशकांत ड्रॉप किकचा दबदबा होता. तिला धरणारा माणूस लागत नाही; हात, पाय आणि वेळेचा अंदाज, सगळे एकाच खेळाडूचे. ही कला लयाला गेली ती चेंडूच्या आकारामुळे. हाताने लांब फेकता यावा म्हणून चेंडू बारीक होत गेला आणि १९३४ मध्ये त्याचा मधला घेर सुमारे सव्वाएकवीस इंचांवर आला. टोके अणकुचीदार झाली. असा चेंडू जमिनीवर पडल्यावर कुठे उसळेल, याचा भरवसा उरला नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १९४१ च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सच्या रे मॅक्लीनने यशस्वी ड्रॉप किक मारली. त्यानंतरची यशस्वी ड्रॉप किक थेट १ जानेवारी २००६ ला, न्यू इंग्लंडच्या डग फ्लूटीची.

उसळीवर विसंबता येईना, तेव्हा चेंडू स्थिर धरणारा माणूस अपरिहार्य झाला. होल्डर एक गुडघा टेकून स्नॅपरच्या सात-आठ यार्ड मागे बसतो, बोटाने जागा दाखवतो, किकर तयार आहे ना हे पाहतो आणि तळवा पुढे करतो. तो तळवा हेच स्नॅपरचे लक्ष्य. चेंडू गरगर फिरत येतो. मुरलेला स्नॅपर इतक्या सारख्या वेगाने आणि फिरकीने फेकतो, की होल्डरच्या हातात येताना चेंडूची लेस, म्हणजे शिवणीवरची दोरी, जवळपास हव्या त्याच बाजूला असते. होल्डर चेंडू टेकवतो, लेस गोलखांबांकडे वळवतो आणि वरच्या टोकावर एक बोट ठेवतो. लेस किकरच्या बाजूला राहिली, तर उंचवट्यावर पाय बसून चेंडू भरकटू शकतो. किकर तोवर धावत सुटलेला असतो; चेंडू जागेवर आलेला पाहून निघण्याइतका वेळच नसतो. पुढे स्नॅपर धरून नऊ जण भिंत उभी करतात आणि आतली फट आधी बुजवतात, कारण मधून येणाऱ्याची वाट सर्वांत जवळची. कडेने येणाऱ्याला वळसा पडतो, आणि १.३ सेकंदांचे गणित त्या वळशावरच बसवलेले आहे.

फक्त किक मारण्यासाठी माणूस ठेवणे पूर्वी परवडत नसे. एनएफएलने १९५० मध्ये खेळाडू हवे तेव्हा बदलण्याची मुभा कायम केली आणि ती वाट मोकळी झाली. त्याच वर्षी क्लीव्हलँड ब्राउन्सच्या लू ग्रोझाने अंतिम सामन्यात अखेरच्या अर्ध्या मिनिटात किक मारून ३०-२८ असा विजय मिळवून दिला. ग्रोझा मात्र आघाडीच्या रांगेत टॅकलही खेळे, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने मारी.

ती रीत मोडली एका निर्वासिताने. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून पळालेल्या कुटुंबातला पीट गोगोलाक कॉर्नेल विद्यापीठातून १९६४ मध्ये बफेलो बिल्सकडे आला. तो सॉकरप्रमाणे तिरका धावत येई आणि पायाच्या वरच्या, आतल्या भागाने चेंडू मारी. तिरक्या धावेत कमरेचा पीळ पायाला वेग देतो आणि चेंडूला टोकाऐवजी पावलाचा रुंद भाग लागतो, म्हणून दिशाही सांभाळता येते. मागोमाग नॉर्वेचा यान स्टेनेरुड आला. मॉन्टाना स्टेटला तो स्की जम्पिंगच्या शिष्यवृत्तीवर गेला होता. १९६७ पासून तो कॅन्सस सिटी चीफ्ससाठी किक मारू लागला. त्याचा होल्डर होता संघाचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, लेन डॉसन. सरळ धावणारा अखेरचा नामांकित किकर मार्क मोझली १९८६ मध्ये निवृत्त झाला.

१९७४ मध्ये एनएफएलने गोलखांब गोलरेषेवरून दहा यार्ड मागे नेले आणि प्रत्येक किक तेवढी लांबली. तरीही साठच्या दशकात निम्म्याहून थोड्या जास्त किक साधत, तिथे आज पाचात चारांहून अधिक साधतात. तिरकी किक हे त्याचे एक कारण. दुसरे कारण सराव. स्नॅपर फक्त स्नॅपच करू लागला आणि होल्डरचे काम क्वार्टरबॅककडून पंटरकडे, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू जमिनीला लागण्याआधी लांब मारणाऱ्याकडे, गेले. क्वार्टरबॅकचा दिवस चढाईच्या तालमीत जातो. पंटर मात्र किकर-स्नॅपरच्या सोबत तासन्‌तास असतो.

तिघांतल्या एकाचा हात चुकला, तरी किक फसते. ६ जानेवारी २००७ ला सिएटलमध्ये डॅलसचा टोनी रोमो १९ यार्डांच्या किकसाठी होल्डर होता. हंगामाच्या सुरुवातीला राखीव क्वार्टरबॅक असताना हे काम त्याच्याकडे होते. मुख्य क्वार्टरबॅक झाल्यावरही राहिले. स्नॅप हातातून निसटला आणि डॅलस २१-२० ने हरले. त्याआधी जानेवारी २००३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने ट्रे जंकिन या ४१ वर्षांच्या स्नॅपरला निवृत्तीतून बोलावले होते. सॅन फ्रान्सिस्कोत शेवटच्या क्षणी त्याचा स्नॅप वाईट पडला, किक झालीच नाही, संघ ३९-३८ ने हरला. जंकिनने दोष उघडपणे स्वतःकडे घेतला. एकोणीस हंगाम खेळलेला हा माणूस लोकांना माहीत झाला तो त्या एका स्नॅपमुळे.

याची दुसरी बाजू १९ जानेवारी २००२ च्या रात्री फॉक्सबरोत दिसली. दाट बर्फ पडत असताना ॲडम विनातिएरीने ४५ यार्डांची किक मारून न्यू इंग्लंडला बरोबरी मिळवून दिली आणि जादा वेळेत दुसरी मारून सामना जिंकून दिला. किक थोर होती, यात वाद नाही. पण लॉनी पॅक्स्टनने ओला चेंडू नेमका फेकला आणि केन वॉल्टरने तो बर्फात उभा धरला, म्हणून विनातिएरीला किक मारण्याची संधी मिळाली. विनातिएरीचे नाव जगाला ठाऊक आहे. पॅक्स्टन आणि वॉल्टर ही नावे किती जणांना आठवतात?

ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये निव्वळ किकर म्हणून स्टेनेरुड १९९१ मध्ये पहिला गेला आणि पंटर रे गायला २०१४ मध्ये जागा मिळाली. केवळ स्नॅपर म्हणून तिथे अजून कोणीच नाही. ड्रॉप किकच्या काळात सारे श्रेय एकाच्या नावावर मांडणे रास्त होते, कारण काम एकाचे होते. खेळाने ते काम केव्हाच तिघांत वाटले. मानाची वाटणी अजून जुन्याच हिशेबाने चालते. तो हिशेब बदलायला हवा, आणि सुरुवात स्नॅपरपासून व्हायला हवी.