वेळ झाली, मंडळी!

दिवाळी अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, दारूच्या दुकानाची हकीकत पाहून सोवळ्या वाचकांनी दचकू नये. मी पिण्याविषयी लिहिणार नाही. दुकान उघडण्याविषयी आणि त्याहीपेक्षा ते बंद करण्याविषयी मला सांगायचे आहे.

१९७८ साली मी शिक्षणासाठी लंडनला होतो. महिनाअखेरीस पैसे पुरत नसत, म्हणून बिऱ्हाडाजवळच्या एका पबमध्ये पेले विसळण्याचे काम धरले. घरच्या पत्रात मात्र ‘एका हॉटेलात काम मिळाले आहे’ एवढेच लिहिले. हो, काकूच्या हाती ते पत्र पडायचे होते.

मालकांना सगळे ‘गव्हनर’ म्हणत. सकाळी ते प्रथम तळघरात उतरत. तेथे नऊ आणि अठरा गॅलनांची पिंपे आडवी मांडलेली असत. पिंपात भरल्यावरही ही बिअर आंबतच असते. म्हणून तळघर १२–१३ अंश सेल्सियसवर राखावे लागे. रात्री पिंपाच्या माथ्यावर घट्ट ठोकलेली लाकडी खुंटी गव्हनर सकाळी सैल करीत. नळीत रात्रभर राहिलेली बिअर काढून टाकायची, मग पहिला पेला उजेडापुढे धरून गढूळ नाही ना ते पाहायचे, एक घोट चाखायचा. नंतर गल्ल्यात सुटे पैसे मोजून ठेवायचे, पितळ घासायचे, शेगडीत कोळसा घालायचा. इतके झाले की अकराच्या ठोक्याला कडी निघे. आमच्याकडचा एखादा पुजारीही देवळाचे दार इतक्या नेमाने उघडत नसेल, असे तेव्हा मनात आले आणि मी जीभ चावली!

पण दुपारी तीन वाजले की पुन्हा दार बंद! गिऱ्हाईक रंगात आलेले असताना दुकान बंद करणारा हा कसला व्यापारी? साडेपाचपर्यंत आम्ही रिकामे बसत असू. या कोड्याचे उत्तर मला ग्रंथालयात सापडले.

१९१४ पूर्वी लंडनचे पब पहाटे पाचपासून रात्री साडेबारापर्यंत उघडे असत. मग महायुद्ध पेटले. १९१५ साली आघाडीवर तोफगोळे कमी पडू लागले आणि कारखान्यांतले कामगार पिऊन कामावर येतात, असा सरकारचा ग्रह झाला. खुद्द पंचम जॉर्ज बादशहांनी युद्ध संपेपर्यंत आपल्या घरात मद्य वर्ज्य केले. त्याच वर्षी नेमलेल्या नियामक मंडळाने आपल्या हद्दीत विक्रीचे तास साडेपाचांवर आणले : दुपारी अडीच आणि संध्याकाळी तीन. दुसऱ्याला पेला पाजणे हादेखील गुन्हा ठरला. कार्लाइल भागात तर १९१६ साली सरकारने पब आणि भट्ट्या आपल्याच ताब्यात घेतल्या. तो सरकारी कारभार १९७० नंतरही काही वर्षे चालू होता.

युद्ध १९१८ साली संपले. पण १९२१ च्या कायद्याने दुपारची विश्रांती कायम ठेवली, ती थेट १९८८ पर्यंत. म्हणजे मी ज्या घंटेला पेले गोळा करीत होतो, ती साठ वर्षांमागच्या तोफगोळ्यांसाठी वाजत होती!

रात्रीची घंटा मात्र वेगळी. अकराला दहा मिनिटे कमी असताना ती एकदा वाजे : काय मागवायचे ते आताच मागवा. अकराला पुन्हा वाजे आणि गव्हनर खणखणीत आवाजात पुकारीत, “वेळ झाली, मंडळी!” पंपांच्या मुठींवर टॉवेल पडत. हातातला पेला संपवायला कायद्याने दहा मिनिटे. मग आम्ही रक्षापात्रे रिती करीत असू, बाकांखाली जळते थोटूक राहिले नाही ना ते वाकून पाहत असू. हिशेब वहीत उतरे, पिंपांच्या खुंट्या ठोकल्या जात, आणि शेवटी कडी.

एक म्हातारे गृहस्थ रोज कोपऱ्यात बसत. पत्नी वारल्यापासून घरी जायला त्यांचे पाय निघत नसत. गव्हनर स्वतः त्यांचा कोट आणून देत, दारापर्यंत जात आणि विचारीत, “किल्ली आहे ना खिशात?” म्हातारा खिसा चाचपी, मान हलवी आणि चालू लागे.

एकदा हे पाहताना हातातला पेला तसाच राहिला. मला गिरणगावातले काका आठवले. १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. दारूने संसार धुळीला मिळालेल्या बायाबापड्यांचा त्यामागचा आक्रोश खरा होता. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण दुकाने बंद झाली आणि काका गल्लीतल्या हातभट्टीकडे वळले. ज्या दुकानाला उघडायची वेळ नाही, त्याला मिटायची तरी कोठून असणार? तेथे घंटा नव्हती, कोट आणून देणारे कोणी नव्हते. काकू उंबरठ्याशी कंदील घेऊन बसे. एका पहाटे चौघांनी काकांना उचलून आणले. ते पुन्हा उठले नाहीत.

२००५ साली इंग्लंडात नवा कायदा अमलात आला आणि आपल्या वेळा मागून घेण्याची मुभा पबांना मिळाली. तो पब आज आहे की नाही, कोण जाणे. मी स्वतः कधी प्यायलो नाही. त्यात माझी थोरवी नाही, काकूचा कंदील आहे.

लंडनहून परतल्यावर काकूला मी खरे सांगून टाकले. ती रागावली नाही. गव्हनरांची ती किल्लीची गोष्ट मात्र तिने मला पुन्हा सांगायला लावली. ऐकून थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “असं विचारणारं कुणी असतं, तर रे!”