चुलीमागची भिंत

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. किहीममध्ये माडांच्या आणि सुरूंच्या माना मोडून पडल्या, विजेचे खांब आडवे झाले, आणि माझ्या घरात कित्येक वर्षांनी चूल पेटली. गॅसची टाकी नेमकी दुसऱ्याच दिवशी संपली, आणि झाडे पडलेल्या रस्त्यांवरून नवी टाकी येण्याची आशा नव्हती. जळणाला मात्र तोटा नव्हता. पडवीत सुक्या झावळ्या आणि नारळाची सोडणे रचून ठेवलेली होती. मी तीन विटा घेतल्या, स्वयंपाकघराच्या गुळगुळीत लादीवर मांडल्या आणि मोठ्या ऐटीत जाळ केला.

झावळीचा जाळ कसा असतो, हे नारळीच्या वाडीत वाढलेल्या माणसाला सांगावे लागू नये. तो आधी धुमसतो आणि मग एकाएकी पुरुषभर उसळतो. पातेल्यातले पाणी कोमट होते न होते तोच पायाखाली फट्‌दिशी आवाज झाला आणि लादी तडकली. तिचा एक टवका माझ्या पोटरीला चाटून गेला. वर पाहतो तो विटांमागच्या प्लायवूडच्या कपाटाचे दार काळे पडून त्यातून धूर निघत होता. मी हातातला तांब्या त्यावर रिकामा केला. धूर पाहून शेजारच्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळा प्रकार एका नजरेत ओळखला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "चूल अशी लादीवर मांडतात होय? आधी तिला अंथरूण घालावं, पाठीला भिंत द्यावी. मग ती कुणाला चावत नाही."

मुलांना इतिहास शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. परंतु चुलीला अंथरूण लागते हा इतिहास मला ठाऊक नव्हता. त्या दिवसापासून मी जुन्या घरांच्या चुलीमागच्या भिंती पाहत हिंडू लागलो. त्यातून जे हाती लागले ते येथे सांगतो.

आपल्या इतिहासात आगी पुष्कळ सापडतात. आमच्याच कुलाबा किल्ल्यातला आंग्र्यांचा वाडा १७८७ साली आगीत गेला. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात आग लागून बाजार आणि शेकडो घरे जळाली, आणि वस्ती कोटाबाहेर सरकण्यास तेथून जोर आला. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी पेटला. या आगींची नोंद झाली, कारण त्या लागल्या. परंतु कोकणातल्या हजारो कुडाच्या घरांत रोज दोन वेळा चूल पेटत होती आणि त्या घरांतली बहुतेक घरे जळली नाहीत, याची नोंद कोणी करावी?

आता ते घर कसे होते ते पाहा. सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी वाढते. तिच्या काठ्या उभ्या बांधून कूड करायचा. वर छप्पर पेंढ्याचे, गवताचे नाही तर विणलेल्या झावळ्यांचे. म्हणजे घर असे काही नव्हतेच. रचून ठेवलेले जळणच ते! आणि या जळणाच्या पोटात चूल पेटवायची. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला आणि पुढे ती तांबडी कौले किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. तोवर गरिबाच्या घराला डोक्यावरून अभय नव्हते. जे काही रक्षण करायचे ते खालूनच.

हे रक्षण मातीने केले. कारवीच्या कुडाला दोन्ही बाजूंनी माती आणि शेण यांचा लेप असे. चुलीमागे तो बोटभर अधिक जाड. माती जळत नाही आणि उष्णता सावकाश पुढे सोडते. साधारण अडीचशे-तीनशे अंशांच्या घरात तापले की लाकूड पेट घेण्याच्या बेताला येते. मातीचा लेप मधे असला की कुडापर्यंत ती धग पोचत नाही. परंतु नुसती माती वाळली की तडकते, आणि तडा म्हणजे आगीला उघडलेले दार. म्हणून तिच्यात भाताचे तूस आणि शेण. शेणातले गवताचे बारीक धागे मातीला धरून ठेवतात.

चूल आणि भिंत यांच्यामध्ये मातीचा एक ओटा असे. त्याला कुणी भानवस म्हणतात. आपण समजतो की तो दुधाचे भांडे ऊन राहावे म्हणून, मिठाचे मडके कोरडे राहावे म्हणून. ते खरेच, परंतु त्या ओट्यामुळे जाळ भिंतीपासून वीतभर दूर राही, हेही तितकेच खरे. चुलीखालची जमीन चोपलेल्या मातीची, शेणाने सारवलेली. चुलीतून निखारा उडाला तर तो तेथेच काळा पडून विझे. तोंडासमोरची हातभर जागा नेहमी मोकळी. तेथे जळण ठेवायचे नाही, सूप ठेवायचे नाही, मुलाने बसायचे नाही. आम्हांला हे सारे सोवळ्याचे नियम वाटत. आजी "चुलीपुढून उठ" म्हणून खेकसे, तेव्हा ती देवाला भिते असे आम्ही समजत होतो. ती ठिणगीला भीत होती.

आणि या सगळ्यावर रोजचे पोतेरे. सकाळी राख काढली की मातीशेणाच्या पाण्यात बुडवलेला फडका चुलीवरून, ओट्यावरून आणि मागच्या भिंतीवरून फिरे. रात्रभरात पडलेली केसाएवढी भेग त्याने भरून निघे. अग्निरक्षणाची याहून नेमाची तपासणी मला माहीत नाही. भाषेने मात्र त्या फडक्याचे काय केले पाहा! एखाद्याची अप्रतिष्ठा झाली की आपण म्हणतो, त्याचे पोतेरे झाले.

लंडन शहराला हीच गोष्ट हुकूम काढून करवून घ्यावी लागली. तेथे १२१२ साली भयंकर आग लागल्यावर नदीकाठच्या खाणावळी आतबाहेर गिलावा करून चुन्याने रंगवाव्यात, असे फर्मान निघाले. तरीही १६६६ साली एका भटारखान्यातून उठलेल्या आगीने शहराचा मोठा भाग खाल्लाच. युरोपात रात्री घंटा वाजवून चुली झाकायला लावण्याची चाल होती. 'कर्फ्यू' या शब्दाचा मूळ अर्थ 'विस्तव झाका' असाच आहे. आमच्याकडे घंटा नव्हती. जळती लाकडे मागे ओढून विझवायची आणि निखारे राखेत पुरायचे, हे निजण्यापूर्वीचे शेवटचे काम होते. त्यात घरही वाचे आणि सकाळच्या विस्तवाचीही सोय होई.

कोकणी माणूस मुंबईला गेला तेव्हा त्याची चूलही माडीवर चढली. चाळीतली जमीन लाकडी फळ्यांची. तेथे चुलीखाली शाहाबादी फरशी आली आणि पाठीमागच्या फळीला पत्रा. परंतु पत्रा फळीला चिकटवून ठोकला तर तो स्वतः तापून फळीला तापवतो. फळी आतल्या आत काळी पडते आणि बाहेरून दिसत नाही. तोच पत्रा दोन बोटे सोडून उभा केला, की मधल्या फटीतून वारा खेळतो आणि फळी गार राहते. माझ्या चुलत्यांच्या खोलीत तो पत्रा भिंतीपासून सुटा, दोन लाकडी रिळांवर बसवलेला होता. लहानपणी मला वाटे, चुलत्यांना तो नीट ठोकता आला नाही.

या मातीच्या चुलीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. तिने घर राखले, पण घर राखणारीला राखले नाही. धुराने तिचे डोळे आणि छाती गेली. म्हणूनच वर्ध्याच्या मगनवाडीत धुराडे असलेली मगन चूल तयार झाली, १९८०च्या दशकात सरकारने सुधारलेल्या चुलींची मोहीम काढली, आणि २०१६ पासून उज्ज्वला योजनेने खेड्यापाड्यांत गॅस नेला. गॅस आला तो चांगलाच झाला. पण वादळाच्या रात्री कळले की चूल गेली, तिच्याबरोबर चूल कोठे मांडावी ही अक्कलही गेली.

आमच्या गावाला आणखी एका सुगरणीची कथा चिकटलेली आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली १९३० साली जर्मनीहून परतले तेव्हा त्यांना नोकरी उरली नव्हती. ते किहीमला येऊन राहिले आणि येथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा बारकाईने अभ्यास केला. हा पक्षी अर्धवट विणलेल्या खोप्याला आतून चिखलाचे गोळे लावतो. ते कशासाठी, यावर विद्वानांनी तर्क पुष्कळ लढवले आहेत. मला मौज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. खोपा विणणारा आणि सारवणारा हा पक्षी नर असतो. मादी येते, खोपा तपासते, पसंत पडला तर राहते. आपण मात्र त्याला स्त्रीचे नाव देऊन मोकळे झालो. सारवणे हे काम बाईचेच, अशी आपली इतकी खात्री!

पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती दिवाळीपूर्वी लिंपायच्या, ही जुनी रीत. चकल्या आणि शंकरपाळ्यांच्या घाण्यात तेल तासन्‌तास चुलीवर असते. वर्षातली सर्वांत धोक्याची आग हीच. त्याआधी चुलीमागची भिंत धड हवी, हे जुन्या बायकांनी कॅलेंडर न पाहता ओळखले होते.

मागच्या पडवीत आता मी मातीची चूल घातली आहे. खाली वाळू, वर विटांचा थर, त्यावर चोपलेली माती. मागे वीतभर ओटा आणि त्यामागे लिंपलेली भिंत. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे पाणी तिच्यावर तापते. यंदा पोतेरे मीच फिरवले. शेजारच्या आजी पायरीवर बसून पाहत होत्या. काम झाल्यावर त्या उठल्या, भिंतीजवळ आल्या, एका ठिकाणी बोट टेकून म्हणाल्या, "मास्तर, इथे भेग राहिली."

मी फडका पुन्हा बुडवला.